नऊ सिलिंडरांची हरवलेली ठिणगी

हुजूर संचालकबाई, जुन्या विमानांचे संग्रहालय, यांचे सेवेसी. आज्ञाधारक पाटीनवीस, म्हणजे काचेच्या पेट्यांवरील पाट्या लिहिणारा सेवक, दोन्ही हात जोडून, आणि लिहिण्यापुरता त्यातील एक सोडून, विज्ञापना करितो ऐसी जे, आपण फर्मावले की फिरते इंजिन तीन दिवस का चालले नाही आणि चौथे दिवशी कसे चालले याचा अहवाल एका पानात सादर करावा, त्यावरून हे पान लिहिले असे. पान एकच आहे, फक्त ते लांब आहे. सेवकास अकरा वर्षांत चाळीस शब्दांवर कोणी लिहू दिले नाही, कारण पाटीवर तितकेच मावतात, आणि एवढी थोर मोहीम चाळीस शब्दांत कोंबणे हा मोहिमेवर अन्याय होय आणि सेवकावरही. यात जे लिहिले ते डोळ्यांनी पाहिले. जेथे भीतीने डोळे मिटले तेथे कानांनी ऐकले.

प्रथम इंजिनाचा करीना, म्हणजे समूळ हकीकत. हे इंजिन शंभर वर्षांपलीकडचे, नऊ सिलिंडरांचे, सूर्यफुलासारखे चहूकडे पसरलेले. इतर इंजिनांत दांडा फिरतो आणि इंजिन जागी बसते, हा जगाचा रिवाज. या इंजिनास तो मान्य नाही. याचा दांडा घट्ट बांधलेला, आणि इंजिन सगळेच्या सगळे, नवही सिलिंडरांच्या लवाजम्यासह, पंख्यास बरोबर घेऊन दांड्याभोवती गरगर फिरते. खाणे पेट्रोल आणि पिणे एरंडेल. प्यालेले एरंडेल पोटात न ठेवता चारी दिशांस उधळणे हा याचा खानदानी स्वभाव, त्यामुळे जवळ उभा राहील तो भिजतो, आणि अर्धा तास जवळ उभा राहून वास घेईल त्यास एरंडेलाचे गुण त्याच दिवशी कळून येतात.

मग ठिणगीचा मार्ग, कारण सगळे रामायण तिचेच. पाठीमागे मॅग्नेटो नावाचे यंत्र, ते ठिणगी निर्माण करिते आणि स्वतः जागचे हलत नाही. त्यापुढे कोळशाचे एक बोट. ते बोट इंजिनाच्या पाठीवरील एका काळ्या कड्यावर टेकलेले असते. कडे इंजिनाबरोबर फिरते, आणि त्यात पितळेच्या नऊ पट्ट्या, आणि प्रत्येक पट्टीपासून एक पितळी तार आपापल्या सिलिंडरच्या प्लगाकडे गेलेली. ठिणगीने बोटावरून पट्टीवर यावे, तारेने प्लगाशी जावे, तेथे उडी घ्यावी आणि पेट्रोल पेटवावे, ऐसा शिरस्ता. परंतु सिलिंडरात हवा दाबलेली असते, आणि दाबलेल्या हवेत उडी घेणे कष्टाचे. वाटेत कोठे सोपी पळवाट गवसली तर ठिणगी पुढे जात नाही, तेथूनच घरी परतते. यात तिला बोल लावण्याचे कारण नाही. कचेरीत सेवक दुसरे काय पाहतो?

या इंजिनाचे कारभारी अखंडिततैलालंकृत राजश्री मिस्त्रीबाबा. चाळीस वर्षे विमानांची चाकरी करून निवृत्त जाहले आणि दुसरे दिवशी सकाळी आठ वाजता पुन्हा शेडमध्ये रुजू जाहले, आणि त्यांस कोणी बोलावले नव्हते म्हणून कोणास घालवताही आले नाही. मग कोपऱ्यात गंजत पडलेले हे इंजिन त्यांचे नजरेस आले, आणि सहा वर्षे त्यांनी त्याचा एकेक नट सोडवला, धुतला, पुसला, परत बसवला, आणि दोन महिन्यांमागे एके सकाळी ते चालू केले. तो आवाज ऐकून मिस्त्रीबाबा एरंडेलाने नखशिखांत न्हाले असता लहान पोरासारखे हसत उभे राहिले, हे सेवकाने खिडकीतून पाहिले. सेवकास उगाच भरून आले.

उजवे कानावर जाड, मऊ, काळी सुतारी पेन्सिल, हे मिस्त्रीबाबांचे राजचिन्ह. त्यांचा कायदा एकच, की खुणेवाचून काही सोडवू नये. वस्तू काढण्याआधी वस्तूवर आकडा, ती जेथून निघाली तेथे तोच आकडा, आणि दोहोंना जोडणारी एक रेघ, म्हणजे परत बसवताना चूक होणे नाही. आकडे ऐसे वळणदार की छापखान्याने लाजावे. शेडमध्ये चहाच्या डब्यावर आकडा, झाडूवर आकडा, खिडकीच्या सहाही काचांवर आकडे. सेवकाने एकदा आपल्या खुर्चीखाली वाकून पाहिले तो तेथे १७ ऐसे लिहिलेले आढळले, आणि ते का, हे विचारण्याची छाती आजतागायत जाहली नाही. सदरहू कायद्यानुसारच त्या सकाळी इंजिन चालल्यावर मिस्त्रीबाबांनी त्याची एरंडेलाने माखलेली पाठ सोडवली, काळे कडे काढले, धुतले, आणि खुणा पाहून जसेच्या तसे बसवले.

पुढे रविवारी पाहुण्यांसमोर इंजिन चालवण्याचा समारंभ योजिला. मंडप घातला, खुर्च्या मांडल्या, आणि इंजिनाने तीन वेळा फाट् फाट् आवाज काढला, एकदा निळा धूर सोडला, खोकले, आणि गप्प बसले. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या, कारण त्यांस वाटले इतकेच असते. हुजुरांस मात्र समजले, आणि सोमवारी हुजुरांचा खलिता शेडमध्ये आला.

खलित्यातील मजकूर येणेप्रमाणे. शुक्रवारी बारा वाजता विश्वस्त मंडळाची स्वारी येणार, तेसमयी इंजिन दोन मिनिटे चालवून दाखवावे. न चालल्यास त्याच दिवशी चार वाजता साखळीवाले कामगार येतील आणि इंजिन चार साखळ्यांनी तिकीट खिडकीच्या वर छतास कायमचे टांगतील. मिस्त्रींस वयोमानानुसार विश्रांती देण्यात येईल. पाटीनवीसाने पाटी तयार ठेवावी, मजकूर, 'हे इंजिन आता चालत नाही.' सेवक कामात चपळ असल्याने पाटी सोमवारीच रंगवून वाळत घातली. त्या चपळाईचे त्यास पुढे फार वाईट वाटले.

मिस्त्रीबाबांनी खलिता तीन वेळा वाचला, आणि तिन्ही वेळा 'वयोमानानुसार' या शब्दाशी त्यांचे बोट थांबले. दोन आठवड्यांपूर्वी तेलाच्या नळीचा एक नट आवळायचा त्यांचेकडून राहिला होता, आणि त्याआधी एकदा चष्मा डोक्यावर असता पाऊण तास शोधला होता. तरणा चुकला तर लोक चूक पाहतात आणि म्हातारा चुकला तर वय पाहतात, हे त्यांस ठाऊक होते. इंजिन टांगले जाईल याचे दुःख मोठेच. परंतु आपले हात आता भरवशाचे राहिले नाहीत ही शंका त्यांचे मनात त्या शब्दाने शिरली, आणि ती अधिक बोचली. मग त्यांनी खलित्याच्या कोपऱ्यात पेन्सिलीने २१४ हा आकडा टाकला, तो खणात ठेवला, आणि मोहीम पुकारली.

फौज जमा जाहली ती ऐशी. एक मिस्त्रीबाबांची लेक, हुद्दा लिफ्ट दुरुस्त करणारी, शहरातील उंच इमारतींच्या लिफ्टा जिच्या हुकुमावाचून हलत नाहीत, ती चार दिवसांची रजा टाकून हत्यारांच्या पेटीसह दाखल जाहली. दुसरे मिस्त्रीबाबांचे मेहुणे, म्हणजे लेकीचे मामा, धंद्याने पाव भाजणारे. तीस वर्षे पीठ मळून त्यांचे दंड ऐसे जाहले की पंखा हाताने फिरवण्याचे काम दुसऱ्या कोणास झेपत नाही. एरंडेलाचे कोठारही त्यांचेकडेच. तिसरा सेवक, एरंडेलाच्या पिंपामागे, इतिहास नोंदवण्यासाठी.

मंगळवारी पहिला मोर्चा प्लगांवर वळवला. नवही प्लग काढले तो एरंडेलाने काळेकुट्ट माखलेले आढळले. मिस्त्रीबाबांनी फर्मावले की गुन्हेगार सापडला, आणि मग तारेच्या ब्रशाने, पेट्रोलाने आणि लेकीच्या जुन्या दातघाशीने नवही प्लग घासून लख्ख केले, दुपारी परत बसवले, आणि मामांनी बाह्या सावरून पंखा ओढला. इंजिन फाट् करून थांबले. पुन्हा ओढला, दोनदा फाट् करून थांबले. सतरा वेळा ओढला. सतराव्या वेळी इंजिनाने उलट झटका दिला, आणि मामा पिंपामागे आले, जेथे सेवक आधीच होता. प्लग काढून पाहिले तो पाच भाजून कोरडे आणि चार ओलेचिंब. ओल्या चारांत ठिणगी पोचलीच नाही ऐसा त्याचा अर्थ. येणेप्रमाणे पहिले दिवशी शिकस्त खाल्ली.

बुधवारी मॅग्नेटोस वेढा घातला. त्यास पाठीवरून उतरवून मेजावर आणले, आतील टोके बारीक कागदाने साफ केली, आणि मग मेजावरच हाताने फिरवून ठिणगी पाहावी ऐसे ठरले. मामांनी तार धरली होती. लेकीने विचारले, "मामा, तार सोडली ना?" मामा म्हणाले, "कुठली तार?" आणि मॅग्नेटोने उत्तर दिले. मामांचे तोंडून निघालेला शब्द या पानात लिहिण्याजोगा नाही, परंतु मॅग्नेटो निर्दोष आहे हे त्या शब्दाने सिद्ध जाहले. मामा उरलेला दिवस त्या हाताने पाव भाजणार नाहीत ऐसे सांगत बसले.

गुरुवारी संशय चालवणाऱ्याच्या हातातील दांड्यावरील बटणावर गेला. हे बटण दाबले की ठिणगी मरते, सोडले की जिवंत होते, आणि त्याची तार कोठे सोलली असेल तर न दाबताही ठिणगी मरावी, ही मसलत लेकीची. जुनी तार काढून नवी घातली. इंजिन जसेच्या तसे खोकले. मग छावणीत दुफळी माजली. मिस्त्रीबाबांनी आरोप ठेवला की मेहुण्यांनी एरंडेल पातळ आणले, आणि मेहुण्यांनी जबाब दिला की एरंडेलाचा ठिणगीशी काय संबंध, आणि बोलता बोलता गोष्ट अठ्ठावीस वर्षांपूर्वी मिस्त्रीबाबांनी बेकरीच्या भट्टीचे दार उलटे बसवले होते तेथवर गेली. मिस्त्रीबाबांनी हातातील पाना खाली ठेवला. मग स्टुलावर बसून हलक्या आवाजात बोलले, "तेव्हा पण मीच चुकलो होतो." मामांचे तोंडचे पाणी पळाले, कारण हा कबुलीजबाब ते अठ्ठावीस वर्षे मागत होते आणि तो मिळताच त्यांस तो नको जाहला. त्यांनी उठून मिस्त्रीबाबांच्या हातात चहा दिला. तोही थंड होता.

शुक्रवारी सकाळी आठ वाजता फौज जमली ती मान खाली घालून. साखळीवाल्यांनी साखळ्या अगोदरच आणून दाराशी ठेवल्या होत्या, आणि त्यांचा मुकादम छताकडे पाहून हिशेब करीत होता. मिस्त्रीबाबा फडक्याने इंजिन पुसत होते, जसे कोणी प्रवासास निघालेल्याचे कपडे झटकावे. तेव्हा लेक इंजिनामागे कमरेवर हात ठेवून बराच वेळ उभी राहिली, आणि मग वळून बोलली, "बाबा, मॅग्नेटोत ठिणगी आहे. प्लगपर्यंत पोचत नाहीये. म्हणजे मधेच कुठेतरी उतरतेय. लिफ्टच्या विहिरीत अंधार असतो ना, तिथे गळती डोळ्यांनी दिसते. इथे उजेड फार आहे. सगळी दारं लावा."

या हुकुमाबरोबर भर सकाळी शेडमध्ये रात्र करण्याचे काम सुरू जाहले. लोखंडी दारे ओढली, फटींत गोणपाट कोंबले, पंखांवर घालावयाच्या ताडपत्र्या खिडकीवर चढवल्या. एक काच उघडी राहिली, तीवर मामांनी आपला पाव भाजण्याचा अंगरखा टांगला. छपराच्या भोकातून एक तिरीप येत होती, तिच्या खाली धरण्यास काहीच उरले नाही, तेव्हा सेवकाने 'हे इंजिन आता चालत नाही' ही पाटी धावत जाऊन आणली आणि शिडीवर उभा राहून भोकास लावून धरली. इतिहासनवीस प्रत्यक्ष मोहिमेत उतरला तो याच प्रसंगी. हात फार दुखले.

मग लेकीने पेट्रोलाची तोटी बंद केली, नवही प्लग काढले जेणेकरून इंजिन चुकून पेटू नये आणि हलके फिरावे, आणि तारांची टोके हवेत मोकळी सोडली. मसलत ऐशी की ठिणगीला पुढे जाण्यास जागाच ठेवू नये, म्हणजे ती जेथून चोरून परतते ती पळवाट दिसेल. मामांनी अंधारात चाचपून पंखा धरला. लेक ओरडली, "स्विच चालू!" मामा ओरडले, "चालू!" आणि सर्व बळानिशी पंखा फिरवला.

प्रथम काही दिसले नाही. दुसऱ्या फेरीस काळ्या कड्याजवळ निळा कण चमकून विझला. तिसऱ्या फेरीस मामांनी पाय रोवून ऐसा हिसका दिला की इंजिन चार वेळा फिरले, आणि तेव्हा अंधारात, कड्यावर, पितळी पट्टीच्या शेजारी, निळ्या जाळाने काढलेला एक आकडा उमटला. तो होता ३. वळणदार, पोट गोल, शेवटी किंचित शेपूट. ३ च्या शेपटापासून निघून निळी रेघ सरळ इंजिनाच्या धातूपर्यंत गेली आणि तेथे ठिणगी गडप जाहली. मग ५ उमटला आणि विझला. मग ६. मग ८. बाकीचे पाच आकडे फिके, दिसले न दिसले ऐसे. पंखा थांबला आणि पुन्हा काळोख जाहला.

ते अक्षर ओळखण्यास चष्मा लागत नव्हता. चहाच्या डब्यावर तेच, झाडूवर तेच, सेवकाच्या खुर्चीखाली तेच. कडे धुण्यास काढताना मिस्त्रीबाबांनी आपल्या कायद्यानुसार प्रत्येक पट्टीशेजारी आकडा टाकला होता आणि तेथून धातूपर्यंत रेघ ओढली होती, आणि जे चार आकडे त्यांस फिके वाटले ते चष्म्यावाचून दोनदा गिरवले होते. पेन्सिलीच्या शिशातून वीज वाहते, आणि ठिणगीस घरी जाण्यासाठी त्यांनी चार पक्क्या सडका आपल्या सुंदर अक्षरात बांधून दिल्या होत्या. तीन दिवस शत्रू शोधला तो स्वतःच्या कानावर बसला होता. अंधारात मामांचा आवाज आला, "हे तर आपलंच अक्षर आहे." त्यांनी 'आपलंच' म्हटले, 'तुमचं' म्हटले नाही, याची नोंद सेवक मुद्दाम करितो.

मग मिस्त्रीबाबा बोलले, "दारं उघडा."

उजेड जाहला तेव्हा साडेनऊ वाजले होते. लेकीने कडे उतरवून आणले, स्पिरिटने आणि बारीक कागदाने घासून आकडे आणि रेघा समूळ नाहीशा केल्या, आणि कडे नव्यासारखे काळे जाहले. आता शेडचा दुसरा कायदा आडवा आला. दोष सापडल्यावर दोषवहीत कारण लिहून सही जाहल्यावाचून इंजिन परत चालू करता येत नाही, आणि ती वही विश्वस्त पाहणार. लेकीने वही उघडली, बापाकडे पाहिले नाही, आणि कारणाच्या रकान्यात 'दमट हवा' ऐसे लिहिण्यास सुरुवात केली. 'दमट' लिहून होते तोच मिस्त्रीबाबा मागे येऊन उभे राहिले.

"दमट? चार दिवस ओठ फुटायची वेळ आलीय, इतकी कोरडी हवा आहे."

"बाबा, कोणी विचारणार नाही. त्या पत्रात काय लिहिलंय ते वाचलंत ना? वर खरं लिहिलं तर..."

"वाचलंय. तीनदा." मिस्त्रीबाबांनी वही आपल्याकडे ओढली. "चाळीस वर्षांत माझ्या वहीत खोटी ओळ नाही. हात चुकला तर चुकला. वही चुकता कामा नये. उद्या हेच कुणाच्या उडत्या विमानात झालं, आणि तो माणूस ही वही बघून दमट हवा शोधत बसला, तर?"

मग मिस्त्रीबाबांनी सेवकाकडे शाईचे पेन मागितले, 'दमट' खोडले, आणि दस्तुरखुद्द लिहिले ते ऐसे. 'कारण, कड्यावर पेन्सिलीच्या खुणा. करणारा, मी.' खाली सही केली. अक्षर तेच, वळणदार. मग उजव्या कानावरील पेन्सिल काढली आणि लेकीपुढे मेजावर ठेवली, जशी हरलेल्या सरदाराने तलवार ठेवावी, आणि म्हणाले की कडे तू बसव, मी बाहेर बसतो. मामा भिंतीकडे तोंड करून नाक शिंकरू लागले. एरंडेलाच्या वासाने, ऐसे त्यांनी नंतर सांगितले.

लेकीने पेन्सिलीस हात लावला नाही. ती बोलली, "मी कशी बसवू? नऊ भोकं आहेत. नऊ प्रकारे बसतं, त्यातले आठ चूक. खुणा मीच पुसल्यात. तुम्ही बाहेर बसलात तर बारा वाजतील."

आणि हे खरे होते. नऊ भोकांनी सर्वांचे नाकी नऊ आले असते. मिस्त्रीबाबा दारापर्यंत गेलेले परत फिरले, त्यांनी कडे हातात घेतले, डोळे मिटले, आणि अंगठा कडेने हळूहळू फिरवला. एक भोक गेले, दोन गेली, चार गेली. सातव्याशी अंगठा थांबला. "याला जराशी ओढ आहे, भोक लांबट झालंय. कुणीतरी शंभर वर्षांपूर्वी आवळताना घाई केलीय. हे सातव्या सिलिंडरचं." मग इंजिनावर हात फिरवून जोडीचे भोक शोधले, आणि कडे ठेवले ते मांजर उशीवर बसावे तसे बसले. ज्या हातांबद्दल आठवडाभर शंका होती त्या हातांनी हे केले, आणि चष्मा तेव्हाही डोक्यावरच होता.

आता नट लावण्याआधी खूण हवी, आणि मिस्त्रीबाबांचा हात सवयीने कानाकडे गेला आणि रिकामा परत आला. तेसमयी सेवक पिंपामागून पुढे जाहला. पाटीवर अक्षरे सरळ यावीत म्हणून सेवक रेघा खडूने आखतो, आणि खडूचा तुकडा सदैव खिशात बाळगतो, आणि खडूतून वीज वाहत नाही. तो तुकडा सेवकाने लेकीस दिला, आणि लेकीने तो बापाच्या कानावर ठेवला. पांढऱ्या केसांत तो दिसेनाही. मिस्त्रीबाबांनी खूण केली ती कड्यावर नव्हे, बाहेरच्या धातूवर, आणि ती करण्याआधी चष्मा डोळ्यांवर ओढला.

बारा वाजता विश्वस्तांची स्वारी आली, आणि हुजुरांचीही आली. हुजूर पांढऱ्या पोशाखात होत्या आणि अगदी पुढे उभ्या राहिल्या. मिस्त्रीबाबांनी दोनदा अर्ज केला की मागे सरावे, आणि हुजुरांनी दोनदा फर्मावले की येथून चांगले दिसते. मामांनी तळहात पिठात घोळावे तसे धुळीत घोळले. "स्विच चालू!" "चालू!" पंखा ओढला. काही नाही. दुसऱ्यांदा ओढला. काही नाही. मुकादमाने साखळी उचलली. तिसऱ्यांदा ओढला, आणि एक सिलिंडर बोलला, मग दोन, मग नवही एकमुखाने बोलले, आणि ऐसा घनगंभीर गडगडाट उठला की खिडकीच्या सहाही काचा आपापल्या आकड्यांसह थरथरल्या आणि मंडपाच्या खुर्च्या आपोआप मागे सरकू लागल्या. नऊ सिलिंडर फिरून एकच चकती जाहली. हुकूम दोन मिनिटांचा होता. मिस्त्रीबाबांनी साडेचार मिनिटे बटण दाबले नाही, आणि कोणी तसे सुचवलेही नाही, कारण सुचवलेले ऐकू आले नसते.

इंजिन थांबले तेव्हा विश्वस्त मंडळ एका रंगाचे जाहले होते, आणि हुजूरही त्याच रंगाच्या जाहल्या होत्या. पुढील वर्तमान हुजुरांस ठाऊकच आहे, परंतु मोहिमेचा शेवट लिहिल्यावाचून सोडता येत नाही म्हणून लिहितो. हुजुरांनी चेहरा पुसून दोषवही मागितली, ती शेवटची ओळ वाचली, पुन्हा वाचली, आणि विचारले की हे कोणी लिहावयास लावले. मिस्त्रीबाबा म्हणाले, "कुणी नाही. झालं ते लिहिलं." मग हुजुरांनी सोमवारचा खलिता मागितला. २१४ क्रमांकामुळे तो खणातून तत्काळ सापडला. हुजुरांजवळ पेन नव्हते. मेजावर मिस्त्रीबाबांची पेन्सिल पडली होती, ती उचलून हुजुरांनी टांगण्याचे आणि विश्रांतीचे ऐशी दोन कलमे खोडली, आणि 'वयोमानानुसार' या शब्दावर तो दिसेनासा होईतो दोनदा गिरवले. साखळीवाल्यांस रजा दिली. त्यांच्या मुकादमाने जाता जाता इंजिनास सलाम केला, ऐसे सेवकास वाटले, परंतु तो कदाचित डोळ्यांतील एरंडेल पुसत असेल.

उरला पाटीचा प्रश्न. पाटी आधीच रंगवलेली, आणि नव्या पाटीची लाकडी फळी कोठारातून मिळण्यास तीन महिने लागतात. तेव्हा मिस्त्रीबाबांनी तीच पाटी इंजिनाशेजारी उभी केली, कानावरील खडू काढला, 'चालत नाही' या शब्दांवर एक आडवी रेघ ओढली, आणि खाली 'चालते' ऐसे आपल्या वळणदार अक्षरात लिहिले. खडूचे लिहिणे आठवड्यात पुसट होते. म्हणून कायदा ठरला तो ऐसा, की दर शुक्रवारी इंजिन चालवावे, आणि ते खरोखर चालल्यावरच मिस्त्रीबाबांनी ती रेघ आणि तो शब्द नव्याने लिहावा, त्याआधी नाही. आजवर पाच शुक्रवार जाहले आणि पाचही वेळा लिहिले. मामा दर वेळी पाव आणतात, त्यास थोडा एरंडेलाचा वास असतो, आणि सगळे तो न बोलता खातात.

येणेप्रमाणे सदरहू मोहीम फत्ते जाहली, हरवलेली ठिणगी नवही सिलिंडरांत रुजू जाहली, आणि जे घडले ते एका पानात नमूद केले. शेवटी एक अर्ज. हुजुरांनी कृपाळू होऊन नव्या पाटीची फळी मंजूर केल्याचे समजले. पाट्या रंगवणे हेच सेवकाचे पोट, तरी सेवकाची हात जोडून विनंती, या खेपेस दोन्ही हात जोडून, की ती फळी देऊ नये.